वेग कुठे अडला?

आमच्या घरी इंटरनेटचा प्लॅन बदलला, त्या दिवशी सर्वांत जास्त आनंद माझ्या भाचीला झाला होता. ती बारावीत शिकते. रात्री नऊ वाजता तिचा जीवशास्त्राचा ऑनलाइन वर्ग असतो. तिची खोली वरच्या मजल्यावर आहे. वर्ग सुरू झाला, की पाच मिनिटांत शिक्षकांचे चित्र थिजायचे. आवाज तुटक तुटक यायचा. मग ती वही आणि मोबाइल घेऊन खाली यायची आणि जिन्याच्या पायरीवर बसून वर्ग पूर्ण करायची. अब्बांनी हे पुष्कळ दिवस पाहिले. शेवटी ते मला म्हणाले, "बेटा, चाळीसचा प्लॅन बंद कर आणि दोनशेचा घे. पोरीचे वर्ष वाया जायला नको."

नव्या प्लॅनला महिन्याला तीनशे रुपये जास्त लागणार होते. अब्बांचे दिग्रसच्या बाजारात शिवणकामाचे छोटे दुकान आहे. तीनशे रुपये म्हणजे दोन पायजाम्यांची शिलाई. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत असाच हिशेब होत असेल. कुठे तो कापसाच्या पैशांतून होत असेल, कुठे रोजंदारीतून.

पैसे भरले. मोबाइलवर कंपनीचा संदेश आला, की तुमचा नवा प्लॅन सुरू झाला आहे. रात्री नऊ वाजता भाची वर गेली आणि सव्वानऊ वाजता पुन्हा पायरीवर येऊन बसली. "मामू, काहीच फरक नाही," ती म्हणाली.

मला कंपनीचा फार राग आला. पैसे घेतले आणि वेग दिला नाही, असेच मला वाटले. पण राग आला म्हणून तक्रार होत नाही. तक्रार करायची तर आधी मोजले पाहिजे. मी भाचीला एक कोरी वही आणायला सांगितली. त्या वहीत आम्ही जे आकडे लिहिले, त्यांची ही हकीकत आहे.

आधी आकड्यांचा अर्थ समजून घेऊ. उर्दूत आपण ज्याला रफ्तार म्हणतो, तो हा वेग. गाडीचा वेग ताशी किलोमीटरमध्ये सांगतात. इंटरनेटचा वेग दर सेकंदाला किती बिट आले, यावरून सांगतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक, माहितीचा सर्वांत लहान कण. दहा लाख बिट म्हणजे एक मेगाबिट. दोनशेचा प्लॅन म्हणजे सेकंदाला दोनशे मेगाबिट. पण मोबाइलमधली फाईल आपण मेगाबाईटमध्ये मोजतो, आणि एक बाईट म्हणजे आठ बिट. म्हणून दोनशे मेगाबिटच्या प्लॅनवर सेकंदाला जास्तीत जास्त पंचवीस मेगाबाईटच उतरतात. इंग्रजीत बिटसाठी लहान लिपीतला बी लिहितात आणि बाईटसाठी मोठ्या लिपीतला. एवढ्याशा फरकामुळे अनेकांना आपण फसवले गेलो असे वाटते. फाईल उतरताना पडद्यावर 'पंचवीस' दिसते आणि माणूस म्हणतो, मी तर दोनशेचे पैसे भरले!

आणखी एक शब्द नीट वाचायला हवा. जाहिरातीत 'दोनशेपर्यंत' असे लिहिलेले असते. त्यातला 'पर्यंत' फार महत्त्वाचा. शिवाय बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला किती माहिती वापरायची याची मर्यादा असते. ती संपली, की उरलेल्या दिवसांत वेग कमी केला जातो. आमची मर्यादा संपली नव्हती. तेव्हा ते कारण नव्हते.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही वेग मोजणाऱ्या संकेतस्थळावर भाचीच्या खोलीत मोबाइलवर वेग मोजला. आकडा आला ११. खाली येऊन कंपनीच्या पेटीजवळ उभे राहून मोजला, तेव्हा ३१ आला. ही पेटी म्हणजे भिंतीवर किंवा टेबलावर असते ती दिव्यांची लहान डबी. बाहेरून आलेली काचेची तार तिच्यात शिरते आणि तीच घरभर वाय-फाय पसरवते. जागा बदलल्याबरोबर आकडा जवळजवळ तिप्पट झाला. म्हणजे काही वेग घरातच हरवत होता. पण पेटीजवळही दोनशे कुठे होते?

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंटरनेटची माहिती दूरच्या संगणकाकडून आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंत येते, तेव्हा ती बऱ्याच टप्प्यांतून येते. दूरचा संगणक, समुद्राखालची किंवा जमिनीखालची तार, कंपनीचे केंद्र, गल्लीतल्या खांबावरची पेटी, घरातली पेटी, मग हवा आणि शेवटी मोबाइल. या सगळ्यांत जो टप्पा सर्वांत अरुंद असेल, त्याचाच वेग आपल्याला मिळतो. बाकीचे कितीही रुंद असले तरी उपयोग नसतो. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना नक्की आठवत असेल. तिचा मार्ग दारव्ह्यावरून जात होता. आता ती बंद आहे. तिचे रूळ अरुंद होते, दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. त्या रुळांसाठी कोणी राजधानी एक्स्प्रेसचे तिकीट विकले असते, तरी प्रवास शकुंतलेच्याच वेगाने झाला असता. आम्ही तिकीट महाग घेतले होते. रूळ कुठे अरुंद आहे, ते शोधायचे राहिले होते.

शोधण्याची रीत सोपी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत तुम्ही हेच करता.

म्हणून आम्ही आधी हवेचा टप्पा बाजूला काढला. एका मित्राचा लॅपटॉप आणला आणि केबलने सरळ पेटीला जोडला. घरातले सगळे मोबाइल बंद ठेवले, कारण मागच्या खोलीत कोणी फोटो साठवत असेल किंवा चित्रफीत पाहत असेल, तर वेग त्यालाही वाटला जातो. आता मोजले. आकडा आला ३८.

हा आकडा ओळखीचा वाटला. आमचा जुना प्लॅन चाळीसचा होता. वेग ठरवणारी नोंद कंपनीच्या यंत्रात असते. आपली पेटी तिथे एकदा नाव नोंदवून आत जाते आणि पुष्कळदा त्या वेळी मिळालेला वेग धरून दिवसेंदिवस तशीच चालू राहते. आमची पेटी जुन्याच परवान्यावर चालली होती. पेटी बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा चालू केली, की ती नव्याने नाव नोंदवते आणि नवा वेग घेऊन येते. कंपनीच्या माणसाने फोनवर मला हेच सांगितले होते. तेव्हा मला ते टाळाटाळीचे उत्तर वाटले आणि मी ते केलेच नाही. आता केले.

आकडा आला ९४.

भाची आनंदली. मी मात्र विचारात पडलो, कारण हा आकडाही काहीतरी सांगत होता. केबलच्या तोंडाशी जी खाच असते, तिच्या दोन जाती घरोघरी आढळतात. एक सेकंदाला शंभर मेगाबिट नेणारी आणि दुसरी हजार नेणारी. माहिती लहान लहान पाकिटांतून जाते, आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरे लिहिलेला असतो. पाकिटांचे हे ओझे वजा केले, की शंभरातून चौऱ्याण्णव-पंचाण्णव उरतात. म्हणून मोजताना वारंवार ९४ आला, की वाटेत कुठेतरी शंभराचा अरुंद रूळ आहे असे समजावे. आमची पेटी हजारवाली होती, तसे तिच्या तळाशी लिहिलेले होते. लॅपटॉपही हजारवाला. मग उरली केबल.

ती केबल घरात फार वर्षांपासून पडून होती. तिचे पारदर्शक टोक उजेडात धरून पाहिले. अशा केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, दोन दोन पिळलेल्या, म्हणजे चार जोड्या. शंभराच्या वेगाला दोनच जोड्या पुरतात. हजाराच्या वेगाला चारही लागतात. आमच्या केबलच्या टोकात एक तार आत पोहोचलेलीच नव्हती. एक तार तुटली म्हणून इंटरनेट बंद पडत नाही. दोन्हीकडची यंत्रे आपसांत ठरवून गुपचूप खालच्या वेगावर येतात, म्हणून हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. दुकानातून नवी केबल आणली. आकडा आला १९२.

म्हणजे कंपनी दोनशेचा प्लॅन खरोखर देत होती. ज्या गोष्टीसाठी मी भांडायला निघालो होतो, ती माझ्याच घरात अडली होती. वहीत एकाखाली एक लिहिले होते ३८, ९४, १९२. तिन्ही वेळा पेटी तीच, लॅपटॉप तोच, प्लॅन तोच.

तरीही वरच्या खोलीतला ११ तसाच होता. तो १४ झाला, इतकेच. तिथे केबल नव्हती, हवा होती.

वाय-फाय म्हणजे रेडिओच्याच जातीच्या लहरी. आपल्या पेट्यांत बहुधा दोन प्रकारच्या लहरी असतात, एक २.४ गिगाहर्ट्झच्या आणि दुसऱ्या ५ गिगाहर्ट्झच्या. पहिल्या लहरी दूर जातात आणि भिंतींतून बऱ्यापैकी पार होतात. पण तिथे फार गर्दी असते. शेजाऱ्यांच्या पेट्या, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह भट्टी, सगळे तिथेच बोलतात. आठवडी बाजारात दहा विक्रेते एकदम ओरडत असतात, तेव्हा एकाचे बोलणे नीट ऐकायला दोनदा विचारावे लागते, तसे होते. दुसऱ्या लहरींचा वेग मोठा, गर्दी कमी, पण भिंत आली की त्या लवकर थकतात. आणि वाय-फायमध्ये एका वेळी एकालाच बोलता येते. घरात एखादा जुना, हळू मोबाइल असेल तर तो आपली पाळी फार वेळ धरून ठेवतो, आणि त्यामुळे चांगल्या मोबाइललाही थांबावे लागते.

आमची पेटी कुठे होती ते सांगतो. खालच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे, जमिनीवर. वायर दिसू नये म्हणून मीच तिथे ठेवली होती. लोखंडाचा पत्रा या लहरी परतवून लावतो. वर लोखंडी सळयांचा स्लॅब. आणि भाचीच्या खोलीच्या वाटेवर, जिन्याच्या कोपऱ्यात, पाण्याची भरलेली टाकी. पाणी या लहरी शोषून घेते. याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती. जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि कपाटामागे वारा नसतो, तेव्हा पेटी तापायची ती वेगळीच.

पेटी कपाटामागून काढून डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळ्या भिंतीवर लावली. हे काम करताना काचेच्या तारेला फार जपावे लागते. ही तार केसासारखी बारीक असते. तिच्यातून प्रकाश जातो आणि तो काठावर आपटून पुन्हा आत परततो, त्यालाच विज्ञानाच्या पुस्तकात पूर्ण आंतरिक परावर्तन म्हटले आहे. या शास्त्राला 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ करून देणारे नरिंदरसिंग कपानी आपल्याच देशातले, पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले. तार फार मुडपली, की वळणावर प्रकाश बाहेर गळतो आणि वेग घसरतो किंवा पेटीवर लाल दिवा लागतो. म्हणून तिला गाठ मारू नये, खिळ्याला गुंडाळू नये. आणि तिचे सुटे टोक डोळ्यासमोर कधीही धरू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

जागा बदलल्यावर मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडला, तेव्हा खालच्या खोलीत १६५ आला. वरच्या खोलीत २६. आणखी सुधारणा हवी होती, म्हणून जिन्याच्या कडेने एक लांब केबल वर नेली आणि तिला घरात पडून असलेला एक जुना राउटर जोडला. तो २.४ चाच होता, पण आता खोलीतच होता. वर ४५ आला. त्या रात्री भाचीचा वर्ग पहिल्यांदा शेवटपर्यंत न अडखळता चालला. ती खाली आली नाही, म्हणून अम्मी वर जाऊन पाहून आल्या, की बरी आहे ना!

वही मात्र आम्ही बंद केली नाही. रोज सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री नऊ वाजता लॅपटॉप केबलने जोडून आम्ही आकडा लिहीत होतो. सात दिवसांनी वहीत स्पष्ट दिसले, की सकाळी आणि दुपारी आकडा १९० च्या पुढे असतो, पण रात्री नऊ वाजता ६० च्या आसपास येतो. याचे कारण घरात नव्हते. काचेची एक तार गल्लीच्या पेटीत येऊन ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. नेहमीच्या पद्धतीत त्या एका तारेतून सेकंदाला सुमारे २,५०० मेगाबिट येतात. दोनशेचे बारा-तेरा प्लॅन एकदम पूर्ण वेगाने चालले, तर तार भरली. सगळी घरे एकाच वेळी पूर्ण वेग घेणार नाहीत, या हिशेबावर ही वाटणी असते. बहुतेक वेळा तो हिशेब जमतो. रात्री जेवणानंतर जमत नाही. नळाला पाणी आल्यावर साऱ्या गल्लीने तोट्या उघडल्या, की शेवटच्या घरात धार बारीक होते ना, तसेच.

आता मात्र तक्रार करायला आमच्या हाती काहीतरी होते. कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करून मी तारीख, वेळ आणि आकडे वाचून दाखवले. वाय-फायवर नव्हे, केबलवर मोजले आहेत, हेही सांगितले. या एका वाक्याने पलीकडच्या माणसाचे बोलणे बदलले. त्याने तक्रार क्रमांक दिला. तो क्रमांक मागून घ्यावाच. ग्राहकांच्या तक्रारींसाठी ट्राय या संस्थेने २०१२ साली नियम केले. त्यांनुसार आधी कंपनीचे तक्रार केंद्र आणि तिथे समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीचे अपील प्राधिकरण, अशा दोन पायऱ्या आहेत. दुसरी पायरी चढायला पहिल्या पायरीचा क्रमांक लागतो. आम्हाला दुसरी पायरी चढावी लागली नाही. आठ दिवसांनी काही घरे दुसऱ्या तारेवर नेल्याचे आम्हाला कळवण्यात आले, आणि रात्री नऊचा आकडा १५० झाला.

काही विलंब असे असतात, की त्यांवर घरात किंवा गल्लीत उपाय नसतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस असला, की लाखो मुले एकाच संकेतस्थळावर येतात. तिथला संगणकच थकलेला असतो. तुमच्याकडे दोनशे असो वा हजार, पान उघडत नाही. कधी कारण फार दूर असते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्राखालच्या तारा तुटल्या आणि भारतातले इंटरनेट कित्येक दिवस मंद झाले. आपल्याकडे रस्त्याच्या खोदकामात तार तुटते, ते तर सर्वांनी पाहिलेच आहे. माकडे तार कुरतडतात, तेही.

वही अब्बांनी एके दिवशी हातात घेतली. त्यांना हिशेबाची वही वाचायची सवय आहे, म्हणून आकड्यांवर बोट ठेवत ते सावकाश वाचत गेले. मग त्यांनी विचारले, "पोरीच्या वर्गाला किती लागतात?"

मी सांगितले, "चार-पाच मेगाबिट पुरतात, अब्बा."

"आणि तिच्या खोलीत आता येतात किती?"

"पंचेचाळीस. तो राउटर जुना आहे, त्याहून जास्त देत नाही."

अब्बांनी चष्मा काढला. "मग चाळीसच्या प्लॅनमध्ये काय कमी होते?"

मी क्षणभर गप्प बसलो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, तेव्हा घरगुती ग्राहकाला दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला ९.६ किलोबिट मिळत. सरकारने २००४ साली ब्रॉडबँडची व्याख्या केली, तेव्हा त्यासाठी २५६ किलोबिट पुरेसे मानले होते, आणि २०२३ साली ही मर्यादा २ मेगाबिटवर नेली. त्या मानाने चाळीस पुष्कळच. घरात एकाच वेळी पाच-सहा जण मोठ्या पडद्यावर चित्रपट पाहणार असतील, किंवा कोणी मोठमोठ्या फाईली पाठवण्याचे काम करत असेल, तर दोनशे घ्यावेत. आमच्या घरात तसे कोणी नाही. आमची अडचण कपाट, टाकी आणि स्लॅब ही होती, आणि ती चाळीसच्या प्लॅनमध्येही तेवढीच होती.

महिना संपल्यावर आम्ही पुन्हा चाळीसचा प्लॅन घेतला. पेटी या वेळी लगेच बंद करून चालू केली. त्या रात्री नऊ वाजता भाचीने वरच्या खोलीत स्वतः वेग मोजला आणि वहीत लिहिले ३७. खाली तिने तारीख टाकली, आणि वर्ग सुरू झाला म्हणून दार लावून घेतले.